प्रश्नावली घेऊन गेलात, उत्तर कधी आणताय?

खानदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग, सर्जरी आणि कम्युनिटी मेडिसिन या विषयांत एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टर मंडळींना, त्यांच्या गाइडना आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरचे अभ्यास नीतीला धरून आहेत का ते तपासणाऱ्या समितीच्या, सभासदांना,

स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही. डी. फार्म करून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, चोपडा तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे अहिराणी, गुजरी, पावरी बोलणारी गिऱ्हाइकं. तुम्ही ज्याला 'रुग्ण' म्हणता, तो तुमच्या ओपीडीत पोचायच्या आधी पाच-सहा महिने माझ्याकडे येत असतो. म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवडाभर आधी, एक डॉक्टर ताई आणि दोन इंटर्न आमच्या गावात आले. थिसिसचा विषय होता त्वचारोग आणि संसर्गजन्य आजारांबद्दलची जागरूकता. ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली टेबल टाकलं, सरपंचानं चहा पाजला, आणि पावरी बाया काय बोलतात ते समजावून सांगायला मला दुकानातून बोलावून नेलं. ताई मनानं चांगली होती. ४४ डिग्रीत दुपारी चारपर्यंत बसली, कुणावर एकदाही चिडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिच्याविरुद्ध नाही.

तिच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'त्वचारोग संसर्गजन्य असतो असे आपणास वाटते का? होय, नाही, माहीत नाही.' समोर बसलेल्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि मान हलवली. इंटर्ननं 'माहीत नाही'वर टिक केली. मी न राहवून तिला विचारलं, "माय, एकनी खाज दुसराले लागस का?" म्हातारी एकदम म्हणाली, "लागस ना भाऊ! म्हनीसन तं त्यानं आंथरून येगळं करं." म्हणजे घरातल्या ज्याला खरूज झाली होती त्याचं अंथरूण तिनं केव्हाच वेगळं टाकलं होतं. सातवी नापास म्हातारीनं आयसोलेशन करून ठेवलं होतं, आणि फॉर्मवर ती अडाणी ठरली. टिक खोडायला मी सांगितलं, तर इंटर्न म्हणाला, प्रश्नावली व्हॅलिडेटेड आहे, म्हणजे आधी तपासून पक्की केलेली, शब्द बदलता येत नाहीत.

बरं, नाही बदलता येत. मग व्हॅलिडेट करताना ती कुणाला वाचून दाखवली होती?

दुसरा प्रश्न आणखी मजेचा. 'आपण रोज धुतलेले स्वच्छ कपडे वापरता का?' बसलेल्या सगळ्या बायाबापड्यांनी 'हो' सांगितलं, आणि कुणीही खोटं बोललं नाही. पण केळीच्या बागेत कापणीला जाणाऱ्या माणसाचे दोन प्रकारचे कपडे असतात. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात निघत नाही, काळा पडून तिथंच बसतो. म्हणून प्रत्येक मजुराकडे एक चिकाचा जोड असतो. जुना शर्ट, जुनी पँट, खांद्यावर घड घ्यायला एक पोतं किंवा टॉवेल. हा जोड रोज धुवायचा नसतो, कारण धुऊन काही फरक पडत नाही. संध्याकाळी घामानं ओला काढला, भिंतीच्या खिळ्याला अडकवला, सकाळी तसाच आंबट वास येणारा चढवला. भाऊ-भाऊ कामाला असले तर ज्याच्या हाताला जो जोड लागेल तो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण बागेत पाटाचं नाहीतर ड्रिपचं पाणी असतं आणि वर पानांचं छत. आत शिरलं की आंघोळीच्या न्हाणीसारखी वाफ. गजकर्णाच्या बुरशीला याहून मोठं सासर-माहेर कुठलं?

'धुतलेले कपडे वापरता का' हा प्रश्न विचारल्यावर कुणाला खिळ्यावरचा जोड आठवत नाही, कारण तो त्यांच्या लेखी कपडाच नाही. तो अवजार आहे, विळ्यासारखा. हे कळायला बागेच्या धुऱ्यावर अर्धा तास उभं राहावं लागतं. गाव सोडताना ताईंची गाडी दोन्ही बाजूंनी बागाच असलेल्या रस्त्यानं गेली.

त्या अभ्यासाचं पुढे काय झालं ते मला एका एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, कळलं. कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये पोस्टर लागलं होतं म्हणे. निष्कर्ष: ग्रामीण भागात जागरूकतेचा अभाव, आरोग्यशिक्षणाची गरज. गावाला कुणी काही कळवलं नाही. सरपंच अजून विचारतो, "त्या डॉक्टरीनबाईचं काय झालं हो, पास झाली का?"

आता माझी बाजू. ती काही फार स्वच्छ नाही.

माझ्या दुकानात 'खाजेची ट्यूब द्या' असं म्हणत दिवसाकाठी कितीतरी माणसं येतात. नाव कुणी घेत नाही. 'लाल पट्ट्याची', 'मागच्या वेळी दिली ती', नाहीतर रिकामी चपटी झालेली ट्यूबच समोर टाकतात, बूड गुंडाळून गुंडाळून शेवटचा थेंब काढलेली. तीन-चार औषधं एकत्र असलेली ती मलमं तुम्हाला माहीतच आहेत: बुरशीचं एक औषध, जिवाणूंचं एक-दोन, आणि सगळ्यांच्या मागे लपून बसलेलं क्लोबेटासॉल, म्हणजे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती यादी मी वाचली आहे. आणि तरीही मी ती ट्यूब विकली आहे. चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं. नाही दिली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, तिथून किराणावाल्याकडे जातं, आणि त्याला दोन दिवसांत आराम पडला की माझ्याकडे परत कधी येत नाही. ही सबब आहे, समर्थन नाही. ती मी माझ्या मुलीलाही सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मग दारूवाल्यात आणि तुमच्यात काय फरक?" ती आता बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्या दोन दिवसांच्या आरामातच सगळी गोम आहे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र गावातली माणसंही वाचतील म्हणून लिहितो. गजकर्ण ही बुरशी आहे. ती कातडीत वाढते तेव्हा शरीर तिच्याशी भांडतं, म्हणून ते लाल होतं, खाजतं, कडा फुगून गोल कंगोरा येतो. स्टेरॉइड त्या भांडणाऱ्यालाच झोपवतं. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. खाली बुरशी मोकाट. पेटलेल्या कडब्यावर ओलं पोतं टाकलं की धूर दिसत नाही, गंजी आतून जळतच असते. ट्यूब संपली की दुप्पट खाज उठते, पुन्हा तीच ट्यूब. कंगोरा पुसला जातो, आकार बिघडतो, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी १९६८ सालीच या वेशांतर केलेल्या गजकर्णाला 'टिनिया इन्कॉग्निटो' असं नाव दिलं होतं. म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधीपासून हे माहीत आहे.

आता एका माणसाचं सांगतो. नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना कळेलच.

केळीचे घड वाहणारा मजूर, चाळिशीचा. उजव्या जांघेत गोळा उतरत होता, हर्निया. वाहणाऱ्याला हर्निया म्हणजे रोजीच गेली. मुकादमाची उचल अंगावर. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, जाळी बसवायची ठरली. आदल्या रात्री हा बहाद्दर, दवाखान्यात स्वच्छ होऊन जावं म्हणून, घरीच रेझरनं जांघ साफ करून गेला. सर्जनसाहेबांनी कपडा बाजूला केला आणि ऑपरेशन रद्द केलं.

तो परत आला तेव्हा संध्याकाळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं मला आत, फ्रीजच्या मागे नेऊन दाखवलं. जांघेपासून मांडीच्या निम्म्यापर्यंत लालभडक पट्टा. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, खालच्या शिरा दिसत होत्या. मध्ये मध्ये जांभळट भेगा, बाळंतपणानंतर बाईच्या पोटावर राहतात तशा. त्यातल्या काही आता कधीच जाणार नाहीत. त्यावर रेझरचे बारीक बारीक काप, दोन-तीन ठिकाणी पू धरलेला. आणि त्यानं खिशातून काढून काउंटरवर ठेवलेली ट्यूब माझ्याच दुकानातली होती. किमतीच्या स्टिकरवरून ओळखली.

"भाऊ, हाई बरं काबर व्हत नही?" एवढंच तो म्हणाला.

सर्जनसाहेबांचं बरोबर होतं. जिथं चीर द्यायची तिथंच कातडीला संसर्ग असेल आणि आत परकी जाळी बसवायची असेल, तर थांबणंच शहाणपणाचं. जाळीला पू लागला तर ती पुन्हा काढायची वेळ येते. आतडं अडकलं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा कातडी पाहत बसता येत नाही. आणि रेझरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशनआधी केस काढूच नका, काढायचेच झाले तर क्लिपरनं कापा, वस्तरा लावू नका. पण हे त्या मजुराला कोण सांगणार? तारखेच्या चिठ्ठीवर 'उपाशीपोटी यावे' एवढंच लिहिलेलं होतं. त्याच कागदावर आणखी एक ओळ मावली असती.

सर्जरीच्या डॉक्टरांना माझी हीच विनंती आहे. कातडीच्या रोगानं पुढे ढकललेली ऑपरेशनं किती, त्यातल्या कितींच्या खिशात ही ट्यूब होती, याच्यावर कुणीतरी थिसिस करा. तुमच्या वॉर्डच्या रजिस्टरात ही माहिती पडून असेल. त्वचारोगवाले गजकर्ण मोजतात, सर्जरीवाले जखमेचा पू मोजतात, आणि हा माणूस दोघांच्या मधल्या गॅलरीत बाकावर बसलेला असतो.

तर, त्याला त्वचारोग विभागात पाठवलं. तिथं एका अभ्यासात त्याचं नाव घेतलं. बोथट पात्यानं चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, फोटो काढला, एका कागदावर अंगठा घेतला, दुसरी प्रत त्याला दिली. प्रत दिली हे नियमाला धरून झालं, त्याबद्दल त्या डॉक्टरांचं कौतुक. तो कागद त्यानं मला वाचायला दिला. मराठीत होता. आता ही मराठी पाहा: 'सदर तुलनात्मक अभ्यासात आपली निवड दोनपैकी एका गटात यादृच्छिक पद्धतीने करण्यात येईल. प्रतिकूल घटना उद्भवल्यास अन्वेषकास अवगत करावे.'

यादृच्छिक! मी मराठी चौथी ते दहावी शिकलो, पुढे डी. फार्म केलं, मला तो शब्द दोनदा वाचावा लागला. गावात भिशी असते, तिथं दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात. 'कोणाला कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, डॉक्टर स्वतः निवडणार नाहीत' असं लिहिलं असतं तर पोरगंसुद्धा समजलं असतं. 'औषधानं काही त्रास झाला तर या नंबरवर फोन करा' यात काय कमीपणा होता? माणसाला समजलंच नाही तर तो अंगठा संमतीचा कसा? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती समजेल अशा भाषेत घ्या असं सांगितलंय. आमच्याकडे 'समजेल अशी भाषा' म्हणजे इंग्रजी फॉर्मचं पुण्याच्या मराठीत केलेलं भाषांतर, असा अर्थ झालाय.

एथिक्स कमिटीच्या सभासदांनो, तुमच्यात एक सामान्य माणूस, म्हणजे डॉक्टर-शास्त्रज्ञ नसलेला, असावाच लागतो. २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांत कमिटीवर किमान सात सभासद सांगितलेत, आणि त्यात तो एक आहेच. ही खुर्ची बहुतेक ठिकाणी निवृत्त प्राध्यापकाला किंवा कुणा प्रतिष्ठित व्यापाऱ्याला मिळते असं ऐकतो. एखाद्या आशाताईला बसवून पाहा. संमतीपत्र तिच्या हातात द्या आणि सांगा, हे तुझ्या वस्तीवर जसं सांगशील तसं आम्हाला सांग. जिथं ती अडेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. एका बैठकीत तुमचे सगळे फॉर्म सुधारतील.

त्या माणसाला दवाखान्यातून पाकिटात कॅप्सूल मिळाल्या होत्या. एक त्यानं मला दाखवली. उघडून पाहिली तर आत बारीक दाणे, म्हणजे इट्राकोनॅझोल, बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध. (दाण्यांवरून आठवलं: या कॅप्सूलमधल्या दाण्यांचा आकार आणि संख्या कंपनी-कंपनीत वेगळी असते, आणि त्यावर औषध किती अंगी लागतं ते ठरतं, ही आमच्या धंद्यातली नेहमीची चर्चा. चांगल्या कंपनीची महाग, स्वस्तातली स्वस्तात. खेड्यात कुठली खपते ते सांगायला नको.) कॅप्सूल जेवणासोबत घे, मलम चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं लाव, आणि दिसायचं बंद झालं तरी पंधरा दिवस लावत राहा, हे मीच त्याला सांगितलं. दवाखान्यातही सांगितलं असेल, पण तिथं त्याच्या डोक्यात ऑपरेशन रद्द झालं एवढंच होतं.

त्याची बायको तेव्हापासून खाजवते आहे. तिला कुणी बोलावलं नाही. अभ्यासात घरातला एकच माणूस होता ना.

आता मुख्य मुद्दा. त्या काचपट्टीचं, आणि त्यातून बुरशी वाढवली असेल तर त्या बाटलीचं, काय झालं? कुठल्या जातीची बुरशी निघाली? टर्बिनाफिन, हे बुरशीवरचं नेहमीचं औषध, तिला लागू होतं का? हे कुतूहल म्हणून विचारत नाही. आपल्याकडच्या या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच आपला देश बसलाय, काय अभिमान बाळगायचा तो बाळगा. टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण सापडले तर तिथल्या सरकारी यंत्रणेनं लगेच जाहीर केलं. आणि इथं, जिथं ती गल्लोगल्ली आहे, तिथं मी अजून टर्बिनाफिनची पानं फाडून देतोय, कारण माझ्या भागातल्या बुरशीला कुठलं औषध चालतं हे मला कुणी सांगितलेलं नाही. ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या थिसिसच्या तक्त्यात आहे. तो थिसिस लायब्ररीच्या कपाटात आहे.

हेलसिंकी जाहीरनाम्याचं नाव तुमच्या प्रत्येक प्रोटोकॉलच्या शेवटी असतं. माणसांवरचं वैद्यकीय संशोधन कसं करावं ते सांगणारा १९६४ चा तो जाहीरनामा. अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, त्याला हवं असेल तर, अभ्यासाचा एकूण निकाल कळवण्याचा पर्याय दिला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. २०२४ च्या सुधारणेत 'सब्जेक्ट' हा शब्द काढून 'पार्टिसिपंट' केला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो नव्हे, प्रयोगात सामील झालेला. सामील झालेल्याला निकाल न कळवणं म्हणजे पंगतीत बसवून पान न वाढणं.

सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची ती सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे आणि कुणालाही फुकट पाहता येते, हेही खरं. मुलीनं मोबाइलवर उघडून दाखवली. त्यात शास्त्रीय शीर्षक वेगळं आणि लोकांसाठीचं शीर्षक वेगळं असतं. लोकांसाठीचंही इंग्रजीतच.

२०२२ च्या पावसाळ्यात रावेर तालुक्यात लम्पी आला तेव्हाची गोष्ट आठवते. ढोरांच्या अंगावर गाठी उठल्या, लोक घाबरले, दूध उकिरड्यावर ओतायला निघाले. पशुवैद्यकीयवाले गोठ्या-गोठ्यात फिरले, नमुने नेले, लस टोचली. आणि परत येऊन भोंग्यावरून सांगितलं: हा विषाणू माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, आजारी ढोर वेगळं बांधा, गोचीड-माशी आवरा. भाषा आमचीच. गाईच्या कातडीचा निकाल गावात परत आला. माणसाच्या कातडीचा येत नाही याचं कारण मला काही केल्या सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, गजकर्णानं कुणी मरत नाही. खरंय. पण याच काउंटरवर कातडीचं दुसरंही येतं. गेल्या वर्षी एक जण दंडावरच्या फिकट चट्ट्याला शिब्याचं मलम मागत होता. शिबं असेल म्हणून मी देणारही होतो. त्याच चट्ट्याच्या मध्यावर भाजल्याचा ताजा फोड होता. विचारलं तर म्हणाला, मोटरसायकलच्या सायलेन्सरला दंड लागला, पण कळलंच नाही. कळलंच नाही, हा शब्द ऐकला आणि मलम परत फडताळात ठेवलं. बॉलपेनच्या टोकानं टोचून पाहिलं, त्याला पत्ता नाही. आरोग्य केंद्रात पाठवला, कुष्ठरोग निघाला. औषधं फुकट, वेळेवर सुरू झाली, हात वाचला. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत बोटं आखडली असती आणि मग सर्जनकडे कंडरा बदलायच्या ऑपरेशनला जावं लागलं असतं, तेही नशिबात असेल तर. २००५ च्या डिसेंबरात देशातून कुष्ठरोगाचं दूरीकरण झालं असं जाहीर झालं. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी, असा त्याचा हिशेब होता. लोकांनी ऐकलं 'संपला'. चट्टा संपला नाही, त्याच्यावर आता खाजेची ट्यूब लागते.

बाकी नागिणीचं काय सांगू. गेरू लावून, मंत्र घालून, दोन्ही टोकं जुळायची वाट पाहत बसलेला माणूस माझ्याकडे पाचव्या दिवशी वेदनेची गोळी मागायला येतो, आणि नागिणीच्या औषधाची वेळ पहिल्या तीन दिवसांतली. सातपुड्याच्या आश्रमशाळेतून सुटीला आलेली पोरं खरूज घेऊन येतात. एका पोराला परमेथ्रिन, म्हणजे खरुजेचं मलम, देऊन उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचं, आठवड्यानं पुन्हा. बाप म्हणतो, ज्याला खाज आहे त्याचंच द्या, आठ ट्यूबचे पैसे कुठून आणू. खरुजेचा किडा अंगात शिरल्यावर पहिल्यांदा खाज सुटायला महिना-दीड महिना लागतो, हे त्याला पटवता पटवता मागे रांग लागते. यातलं काय पटतं आणि काय पटत नाही, हे ज्याला शोधायचंय त्यानं माझ्या काउंटरमागे बसावं.

ते अवघडही नाही. तुमच्या अभ्यासक्रमात आता तीन महिने जिल्ह्याच्या दवाखान्यात काढायचे असतात. त्यातले सात दिवस मेडिकलवर बसा. माझ्याच असं नाही, कुठल्याही. पांढरा कोट काढून ठेवा. कोण काय शब्द वापरून काय मागतं, कुठली ट्यूब दाखवतं, कितव्यांदा आलाय, एवढं लिहा. मी स्वतः यंदा आखाजीपासून पोळ्यापर्यंत एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, मागितलेला शब्द, जागा, आधी काय लावलं. नावं नाहीत. अक्षर घाण आहे, पण वाचता येतं. तुमच्या गाइडना चालत असेल तर घेऊन जा. त्यात मी स्वतः चिठ्ठीशिवाय काय विकलं तेही लिहिलंय. एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाच्या, साहेबांनी वाचलं तर वाचलं. त्या लाल पट्ट्याच्या ट्यूबा मी यंदाच्या गुढीपाडव्यापासून मागवणं बंद केलंय. धंदा थोडा बसला. समोरचा हसतो.

आणि निकाल. एक पान पुरे. मराठीत, मोठ्या अक्षरात: आम्ही तुमच्या गावात आलो होतो, इतक्या जणांना तपासलं, हे सापडलं, हे करा, हे करू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला मी स्वतः जातो, एक प्रत दुकानात लावतो. गाइडची सही होण्याआधी हे पान जोडलेलं आहे का ते पाहायचं, एवढा नियम कमिटीनं केला तर कुणाची डिग्री अडणार नाही.

दुकान सकाळी साडेआठला उघडतं, दुपारी एक ते चार बंद, रात्री नऊपर्यंत चालू. बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी आलात तर सगळ्यात जास्त बघायला मिळेल, फक्त बसायला स्टूल मिळणार नाही.

तो घड वाहणारा आता बरा आहे. पट्टा फिका पडला, भेगा राहिल्या. दसऱ्यानंतरची तारीख मिळाली आहे, आणि रेझर लावायचा नाही हे त्याला पाठ झालंय. परवा उधारी द्यायला आला तेव्हा विचारत होता, त्या काचेवर डॉक्टरांना काय दिसलं. ज्यांच्या कपाटात ती काच असेल त्यांनी एवढं कळवावं. बायकोला तेच औषध द्यायचं की दुसरं, ते त्यावरून ठरेल.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक मेडिकलवाला